मनगट लोंबतंय, सात आठवडे झाले: नस उघडायची की वाट पाहायची?

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे यजमान ३८ वर्षांचे, द्राक्षबागायतदार. २८ ऑगस्टला ओझरच्या अलीकडे मोटरसायकल घसरली आणि उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. कातडी फाटलेली नव्हती. ३० ऑगस्टला प्लेट बसवली. हाड चांगलं जुळतंय, पण ‘त्या दिवसापासून’ मनगट खाली लोंबतंय, बोटं सरळ होत नाहीत, अंगठा वर उचलत नाही. खांदा आणि कोपर व्यवस्थित हलतं. आठव्या दिवशी नसेची तपासणी झाली, तिच्यातून काही कळलं नाही. एक डॉक्टर म्हणतात तीन महिने थांबा, आपोआप येईल. दुसरे म्हणतात मुंबईला जाऊन नस उघडून बघा. सासूबाई म्हणतात चांदवडकडे एक जण मालिश करून हात उठवतो. शिवाय करंट घ्यायचा का, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं कुठवर चालू ठेवायची आणि या ऑक्टोबर छाटणीला ते कात्री धरू शकतील का. शेवटी विचारलंय, “कुणाचं ऐकू?”

मी नाशिकमध्ये २३ वर्षं फिजिओथेरपी करते आणि त्यातली बरीचशी हातांवरच गेली आहेत. चाकू माझ्या हातात नसतो, त्यामुळे ऑपरेशन करायचं की नाही हा शेवटचा शब्द सर्जनचाच. पण सर्जन पेशंटला महिन्यातून एकदा दहा मिनिटं पाहतात आणि मी आठवड्यातून तीनदा पाऊण तास. त्या पाऊण तासात जे दिसतं ते सांगते.

ताई, दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. तुम्ही लिहिलंय ‘त्या दिवसापासून’. कुठल्या दिवसापासून? अपघाताच्या की ऑपरेशनच्या? सगळी मेख इथे आहे. गाडीवरून पडल्यावर दवाखान्यात नेईपर्यंत मनगट लोंबत होतं आणि मग प्लेट बसली, हा एक मामला. पडल्यावर हात दुखत होता पण बोटं वर उचलत होती, आणि भूल उतरल्यावर मनगट पडलेलं दिसलं, हा दुसरा. पहिल्यात बहुधा मोडलेल्या हाडाच्या झटक्याने नस ताणली किंवा चेचली गेलेली असते. दुसऱ्यात ऑपरेशनच्या वेळी नस ओढली गेली, सुजली, की आणखी काही झालं, हे विचारावं लागतं. थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट धरली असेल, उघडा म्हणणाऱ्यांनी दुसरी.

हे शोधणं अवघड नाही. दवाखान्यातून दोन कागद मागा: दाखल केल्यावेळची तपासणीची नोंद आणि ऑपरेशन नोट. पहिल्यात ‘रिस्ट ड्रॉप प्रेझेंट’, म्हणजे मनगट पडलेलं आहे, असं लिहिलंय का ते बघा. दुसऱ्यात ‘रेडियल नर्व्ह’ (मनगट उचलणारी नस) हे शब्द शोधा. पुढे ‘आयडेंटिफाइड अँड प्रोटेक्टेड’ किंवा ‘इन कंटिन्युइटी’ असं असेल तर सर्जननी नस डोळ्यांनी पाहिली, ती अखंड होती, आणि तुमचं अर्धं ओझं तिथेच उतरलं. नसेचा उल्लेखच नसेल तर न भांडता विचारा, “सर, नस दिसली होती का?” भांडायला गेलात तर उत्तर मिळणार नाही. कागद हा तुमचा हक्क आहे, आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिला प्रश्न हाच येणार आहे.

आता ही नस कुठली आणि हाड मोडल्यावर तीच का सापडते ते बघू. रेडियल नर्व्ह काखेतून निघते आणि दंडाच्या हाडाला मागून तिरकी वळसा घालून बाहेरच्या अंगाला येते. हाडावर तिच्यासाठी उथळ खोबणच असते. मधल्या भागात ती हाडाला इतकी चिकटून जाते की तिथे हाड मोडलं की धक्का तिला बसणारच. याच जागेवर नुसता दाब पडूनही मनगट पडतं. एक जण रात्रभर एसटीत समोरच्या सीटच्या दांड्यावर दंड टाकून झोपला आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरताना त्याला पिशवी उचलेना. तो सहा आठवड्यांत बरा झाला. जागा तीच, मार वेगळा.

नसेला होणारी इजा तीन तऱ्हांची असते, हे हर्बर्ट सेडन या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये मांडलं. नावं जड आहेत: न्यूराप्रॅक्सिया, ॲक्सोनॉटमेसिस, न्यूरॉटमेसिस. तुमच्या बागेतच सांगते. पहिल्या तऱ्हेत वेलीला काहीच झालेलं नाही, ठिबकची नळी कुणाच्या तरी पायाखाली दाबली गेलीय. पाय निघाला की पाणी सुरू. एसटीतल्या माणसाचं हेच झालं होतं. दुसऱ्या तऱ्हेत ओलांडा (मांडवावर पसरलेली वेलीची आडवी फांदी) तुटलाय, पण मांडवाची तार जागेवर आहे. तुटल्या जागेपासून नवा फुटवा निघतो आणि त्याच तारेला धरून पुढे सरकतो. वेळ लागतो, पण पोचतो. तिसऱ्या तऱ्हेत ओलांडाही तुटला आणि तारही. फुटवा तरीही निघतो, पण धरायला काही नाही, म्हणून जागच्या जागी गुंता होतो. नसेत त्या गुंत्याची गाठ होते, तिला न्यूरोमा म्हणतात, आणि तिच्यावर बोट लागलं तर माणूस कळवळतो. ही तिसरी तऱ्हा ऑपरेशनशिवाय सुटत नाही.

गोम अशी की पहिल्या आठवड्यात तिन्ही अगदी सारख्या दिसतात. मनगट तिन्हींत लोंबतं. मी बघून सांगू शकत नाही, सर्जन सांगू शकत नाहीत, मशीनही नाही. तुमच्या आठव्या दिवसाच्या तपासणीतून काही कळलं नाही ते यामुळेच. तुटलेल्या नसेचा खालचा तुकडा लगेच मरत नाही. काही दिवस तो मशीनच्या करंटला उत्तर देत राहतो आणि मग हळूहळू विरघळत जातो. ऑगस्टस वॉलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकांवर हे दाखवलं. स्नायूत सुई घालून जी ईएमजी करतात तिच्यात तर खरी चिन्हं उमटायला तीनेक आठवडे जावे लागतात. म्हणून पहिली खरी तपासणी तीन-चार आठवड्यांनंतरची. तुमचे सात झालेत, तेव्हा ती आता करून घ्या. नाशिकमध्ये होते, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. सोनोग्राफीत नस अखंड आहे का ते दिसू शकतं, पण नसांची सोनोग्राफी करायची सवय असलेला डॉक्टर हवा. प्लेट असल्यामुळे एमआरआयमध्ये त्या भागात काळा ठिपका येतो आणि नेमकी हवी ती जागाच झाकली जाते.

मग सात आठवड्यांत काही हललं नाही म्हणजे नस गेली का? नाही. हे मी आवर्जून सांगते, कारण याच टप्प्यावर घरची माणसं खचतात. दुसऱ्या तऱ्हेतला फुटवा दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकतो, म्हणजे महिन्याला एक इंच. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तर तो जागचा हलतही नाही. दंडाच्या मधोमध हाड मोडलंय, तिथून नस ज्या पहिल्या स्नायूत शिरते ती जागा कोपराच्या थोडी वर. टेप लावून मोजलंत तर दहा-बारा सेंटीमीटर भरेल. शंभर-सव्वाशे मिलिमीटर, दिवसाला एक. गणित तुम्हीच करा. हाताला हालचाल दिसायला चार-साडेचार महिने लागणं हे या नसेचं नेहमीचं वेळापत्रक आहे. हाड मोडून कातडी न फाटलेल्या अशा केसेसमध्ये दहापैकी सात-आठ जणांची रेडियल नर्व्ह ऑपरेशनशिवाय उठते. थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या डोक्यात हाच आकडा असणार.

पण मग सहा महिने, वर्ष थांबलं तर काय बिघडलं, असंही काही जण करतात. तिथे दुसरं घड्याळ चालू असतं, स्नायूचं. नस न पोचलेला स्नायू वाळत जातो आणि साधारण वर्ष-दीड वर्षानंतर नस पोचली तरी तो तिला दाद देत नाही. जोडलेल्या नसेलाही मिलिमीटरच्याच चालीने खाली यायचंय, म्हणून जोडायची वेळ आलीच तर ती सहा महिन्यांच्या आत साधलेली बरी. माझ्याकडे एक गृहस्थ चौदा महिन्यांनी आले होते. कुणीतरी “येईल, येईल” म्हणत राहिलं आणि तारीख कुणीच घातली नाही. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा, पण भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारखा लिहून थांबा.

तारखा अशा. आत्ता, ऑक्टोबरच्या मध्यात, पहिली नीट ईएमजी-एनसीव्ही (स्नायूत सुई घालून आणि नसेला करंट देऊन करायची जोडतपासणी). २० नोव्हेंबरला बारा आठवडे होतील, त्या सुमारास पुन्हा तीच तपासणी, शक्यतो त्याच डॉक्टरकडे, म्हणजे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करता येईल. हाताला दिसण्याआधी सुईला कधी कधी दिसतं. १८ डिसेंबरला सोळा आठवडे. तोवर हाताने वा सुईने काहीच खूण दिली नाही, तर हाताच्या किंवा नसेच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनसमोर बसायचं, हातात रिपोर्ट आणि ऑपरेशन नोट घेऊन. फेब्रुवारी उजाडू द्यायचा नाही. हे सगळं नस अपघातातच गेली होती आणि अखंड दिसली होती असं धरून. मनगट ऑपरेशननंतर पडलं असेल आणि नोटमध्ये नसेचा उल्लेख नसेल, तर नोव्हेंबरची वाट पाहू नका, पुढच्या आठवड्यातच सोनोग्राफी आणि दुसरं मत घ्या. त्या परिस्थितीत उघडून बघा म्हणणारे डॉक्टर घाई करत नाहीयेत.

घरी काय बघायचं? सगळे मनगटाकडे डोळे लावून बसतात. मनगट दुसऱ्या नंबरला येतं. पहिला उठतो तो कोपराखाली अंगठ्याच्या बाजूला असलेला लांबुडका स्नायू. यजमानांना खुर्चीत बसवा, कोपर काटकोनात, अंगठा छताकडे, जणू हातात पाण्याने भरलेला तांब्या आहे. तुम्ही मनगटाच्या जरा वर धरून हात खाली दाबा आणि त्यांना वर उचलायला सांगा. आधी डाव्या हातावर करा. कोपराच्या खाली दोरखंडासारखा एक पट्टा टरारून उठेल, तो बोटांनी चाचपून घ्या. मग उजव्यावर करा. उजवीकडे तो पट्टा नुसता थरथरला तरी मला फोन करण्याइतका आनंद माना. त्यानंतर मनगट, तेही आधी अंगठ्याच्या बाजूला तिरकं उचलतं. मग बोटं. अंगठा सगळ्यात शेवटी. दर रविवारी एकदाच बघा आणि वहीत लिहा. रोज बघितलंत तर काहीच बदललेलं दिसणार नाही आणि दोघांची झोप उडेल.

आणखी एक खूण म्हणजे टिनेलची. नसेच्या मार्गावर बोटाने हलकं ठोकत वर यायचं, खालून वर. जिथे अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या किंवा झटका जाणवतो तिथवर फुटवा पोचलाय. बॉलपेनने खूण करायची, हाडाच्या टोकापासून अंतर मोजायचं, महिन्याने पुन्हा. खूण इंचभर खाली सरकली तर नस चालतेय. एकाच जागी दोन महिने ठाण मांडून बसली तर तिथे गुंता असण्याची शंका. प्लेटच्या टोकावर ठोकलं तरी दुखतं, म्हणून हे तुम्ही करू नका, तुमच्या फिजिओला करू द्या.

फसवणाऱ्या गोष्टी सांगते, कारण यावरून दर महिन्याला कुणीतरी पेढे घेऊन येतं आणि मला त्यांचा विरस करावा लागतो. मनगट हाताने वर धरून ठेवलं की बोटांची पुढची पेरं सरळ होतात. ‘बोटं उघडायला लागली!’ नाही हो. पुढची पेरं सरळ करणारे तळव्यातले छोटे स्नायू दुसऱ्या नसांवर चालतात, ते कधी गेलेच नव्हते. तळव्याजवळचे सांधे वर उचलतात का ते बघा. दुसरं, घट्ट मूठ आवळून एकदम सोडली की मनगट क्षणभर वर उसळल्यासारखं दिसतं. ती स्प्रिंगची उसळी आहे. आणि मनगट खाली पडलं की बोटं आपोआप थोडी उघडतात, ते नुसतं स्नायूंच्या दोरांचं ताणणं.

मूठ कमजोर का झाली, हाही प्रश्न असतो, कारण मूठ मिटणारी नस तर शाबूत आहे. आत्ता वाचताना तुमचाच चांगला हात घ्या. मनगट पूर्ण खाली वाकवा आणि तसंच ठेवून घट्ट मूठ मिटायचा प्रयत्न करा. जमत नाही ना? पकडीला मनगट जरा वर उचललेलं लागतं. म्हणून स्प्लिंट. कॉक-अप स्प्लिंट मनगटाला वर धरतं आणि त्याच क्षणी मुठीत जोर येतो, पहिल्यांदा घालतात तेव्हा माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण मेडिकलमधलं तयार स्प्लिंट घेताना एक बघा. तळव्याखालची पट्टी तळव्यावरच्या, बोटांकडच्या आडव्या घडीच्या अलीकडे थांबली पाहिजे. बहुतेक तयार स्प्लिंट त्या घडीवर चढतात, मग बोटं पूर्ण मिटत नाहीत आणि दोन महिन्यांत ते सांधे आखडतात. घडी मोकळी राहत नसेल तर पट्टी कापून घ्या किंवा मापाचं करून घ्या. दिवसातून चार वेळा काढायचं, कातडीवर लाल डाग बघायचे. दहा मिनिटांत गेला तर ठीक, अर्धा तास राहिला तर तिथे टोचतंय.

स्प्लिंट काढलं की दुसऱ्या हाताने सांधे हलवायचे. मनगट आणि बोटं एकत्र मागे, मग अंगठा आणि तर्जनीमधलं अंतर रुंद करायचं, मग मूठ पूर्ण मिटायची, पाच-पाच मिनिटं. कंटाळवाणं काम आहे. पण नस वेळेवर आली आणि सांधा आखडलेला निघाला तर तिला काम करायला जागाच उरत नाही. पुढे कधी स्नायूंचे दोर बदलायचं ऑपरेशन करावं लागलं तरी मऊ सांधे ही पहिली अट असते.

मालिशबद्दल. हलक्या हाताने कातडी आणि सूज उतरवण्यापुरतं तेल लावायला हरकत नाही. पण सात आठवड्यांच्या प्लेटवर कुणी अंगठा रोवून ‘नस जागेवर बसवणार’ असेल तर नको. नस जागेवरून हललेली नसते, ती हाताने बसत नाही. आणि ज्यांचा हात मालिशने उठला असं ऐकायला येतं ते त्या दहातले सात-आठ असतात, जे तसेही उठणारच होते. सासूबाईंना दुखवू नका, तेल घरीच त्यांच्याकडून लावून घ्या. गरम विटेचा, वाळूच्या पुरचुंडीचा शेक मात्र नको. अंगठ्याच्या मागे जो बधिर पट्टा आहे तिथे भाजलं तरी कळत नाही.

करंटबद्दल माझ्याच व्यवसायातली माणसं माझ्यावर नाराज होतील. बाहेरून दिलेल्या करंटने नस लवकर वाढत नाही. मेलेल्या नसेचा स्नायू करंटने टिकून राहतो का यावर पुरावा उलटसुलट आहे. मी देते, पण थोडा, आणि मुख्यतः नस येऊ लागल्यावर माणसाला ‘इथे जोर लाव’ हे शिकवण्यासाठी. रोज येऊन फक्त करंट घेऊन जाणं आणि घरी सांधे न हलवणं, यापेक्षा घरी बसून सांधे हलवलेले बरे. पेट्रोलही वाचेल. बी-ट्वेल्व्हचं तसंच. रक्तात कमी असेल तर ते भरून काढलंच पाहिजे आणि शाकाहारी घरांत ते कमी निघणं नेहमीचं आहे. एकदा तपासा, कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं घ्या. पण इंजेक्शनने तुटलेली नस जुळत नाही. रात्री आग होत असेल तर प्रीगाबॅलिनसारखी गोळी डॉक्टर देतात, ती वेदनेसाठी, ताकदीसाठी नाही.

समजा डिसेंबरपर्यंत काहीच आलं नाही. नस उघडल्यावर ती अखंड पण व्रणात अडकलेली दिसली तर मोकळी करतात. तुटलेली किंवा गाठ झालेली असेल तर खराब भाग कापून मधली फट पायाच्या मागच्या बाजूच्या सूरल नावाच्या नसेने भरतात. पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडा बधिरपणा राहतो, चालायला काही होत नाही. आणि यानेही भागलं नाही तर टेंडन ट्रान्सफर. मूठ मिटणाऱ्या आणि तळवा वळवणाऱ्या स्नायूंपैकी ज्यांच्यावाचून अडत नाही अशांचे दोर उचलून मनगट, बोटं आणि अंगठा उघडायच्या कामाला लावतात. देणारे स्नायू जिवंत असल्यामुळे इथे वर्ष उलटून गेलं तरी दार बंद होत नाही. हाताच्या नसांमध्ये रेडियल गेली तर नशीब त्यातल्या त्यात बरं, असं मी म्हणते ते याच कारणाने: स्पर्शाचं नुकसान कमी आणि दोर बदलून काम चांगलं भागतं. वेल्लोरला पॉल ब्रँड या सर्जननी १९४० च्या दशकाच्या शेवटी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर असे दोर बदलायला सुरुवात केली, तेव्हा ते हात कामाला येतील यावर फार जणांचा विश्वास नव्हता. खर्चाची धास्ती असेल तर ज्या दवाखान्यात जाल तिथे महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी विचारा, हे ऑपरेशन त्यांच्याकडे योजनेत बसतं का.

बाकीच्या दोन नसांबद्दल थोडं, कारण हे वाचणाऱ्यांत कुणाला तरी त्याचा उपयोग होईल. मीडियन नर्व्ह अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला स्पर्श देते आणि अंगठा करंगळीसमोर आणते. ती गेली की शर्टाचं बटण लागत नाही, खिशातलं नाणं आणि किल्ली न बघता वेगळी ओळखता येत नाही. द्राक्षमणी विरळणीच्या दिवसांत दिवसभर कात्री चालवणाऱ्या बायका रात्री हात झटकत उठतात, तीही हीच नस, मनगटाच्या बोगद्यात दाबलेली. तो वेगळा आणि सोपा विषय आहे, पण अंगठ्याखालचा उंचवटा सपाट व्हायला लागला तर सोपा राहत नाही. अल्नर नर्व्ह करंगळीच्या बाजूची. ती गेली की करंगळी आणि अनामिका नख्यांसारखी वाकतात आणि चिमटीतला जोर जातो. दहाची नोट अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये धरायला सांगा आणि ओढा. अंगठ्याचं टोक वाकवून धरायची धडपड दिसली तर अल्नर गेली आहे.

येवल्याकडची एक मुलगी, सतरा वर्षांची. खिडकीची काच फुटून मनगटाला करंगळीच्या बाजूने कापलं. जवळच्या एका दवाखान्यात पाच टाके घातले, जखम सुरेख भरली. बोटं मिटत होती म्हणून सगळे निश्चिंत होते. करंगळी बधिर होती ती ‘टाक्यांमुळे’ असं सांगितलं गेलं. पाच महिन्यांनी ती माझ्याकडे आली ती शाळेत वही धरता येत नाही म्हणून, तोवर दोन बोटांची नखी झाली होती आणि अंगठा-तर्जनीमधलं मांस खोल गेलं होतं. जखमेच्या दिवशी, भुलीचं इंजेक्शन देण्याआधी, करंगळीच्या टोकाला कापूस लावून ‘कळतंय का’ एवढं विचारलं असतं तर पहिल्या काही दिवसांतच नस जोडता आली असती. काच, पत्रा, विळा, संक्रांतीचा नायलॉन मांजा, कशानेही मनगट किंवा बोट कापलं तर करंगळी आणि अंगठा दोन्हींची टोकं टाक्यांआधी तपासून घ्या. अशा धारदार जखमेत तीन महिने थांबा हा नियम लागू नाही. तिथे बधिर बोट म्हणजे तुटलेली नस असंच धरून चालायचं. आणि काहीही अपघात नसताना बोटं वाकत गेली, कातडीवर बधिर फिकट चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लाज न बाळगता करा, सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे.

आता राहिली छाटणी. ताई, या वर्षी उजव्या हातात कात्री नको. स्प्लिंट घालून दोन-चार काड्या कापता येतील, पण दिवसभर नाही, आणि प्लेटला किती भार द्यायचा हे तुमच्या ऑर्थोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. ट्रॅक्टरही नको, स्टेअरिंगने झटका दिला तर मनगट आवरणार नाही. काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावायचं कामही त्यांना देऊ नका, ते रसायन कातडीला भाजतं आणि बधिर पट्ट्यावर उडालं तर कळायचं नाही. माणसं लावा आणि यजमानांना स्प्लिंट घालून रांगेतून फिरू द्या. कुठल्या काडीवर किती डोळे ठेवायचे हे सांगायला मनगट लागत नाही, आणि घरात पलंगावर हाताकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं. एप्रिलच्या खरड छाटणीला कात्री त्यांच्या हातात असेल का, हे आज मला सांगता येणार नाही. १८ डिसेंबरनंतर दोन्ही रिपोर्ट आणि रविवारची वही घेऊन पुन्हा विचारा.